पाऊण सेकंदाची टेकडी

२ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज काय वाटतं ते लिहून काढा. मी म्हटलं, काही वाटत नाही म्हणूनच तर तुमच्याकडे आलोय. त्या म्हणाल्या, मग तेच लिहा. तर लिहितो. काही वाटत नाही.

वही लेकीने आणून दिली. कागद इतका चांगला आहे की वापरायला जिवावर येतं. एकोणतीस वर्षं मी नोंदवह्या लिहितोय, पण मशीनच्या. तापमान किती, दिवा किती तास जळला, कुठली नळी बदलली. माणसाची नोंदवही कशी लिहितात याची मला कल्पना नाही. मशीनसारखीच लिहीन.

वय सत्तावन्न. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ऑपरेटर. बायको गेली त्याला उद्या पंचवीस आठवडे होतील. झोप बरी. भूक बरी. घरात मी आणि लेक. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. ताई फोनवर म्हणते, तू रडला नाहीस, ते आत साठून राहील. मी आत बघितलं, साठलेलं काही सापडलं नाही.

३ मार्च, मंगळवार

मशीनबद्दल लिहितो, ते सोपं आहे.

दोन पिचकाऱ्या. एकीत एक द्रावण, दुसरीत दुसरं. गॅसच्या दाबाने दोन्ही एकदम दाबल्या जातात, दोन्ही द्रावणं नळ्यांतून धावत येऊन शेंगदाण्याएवढ्या पोकळीत मिसळतात आणि प्रवाह खटकन थांबतो. पोकळीतून आरपार प्रकाश सोडलेला असतो. तो किती अडला ते मशीन सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत लिहून ठेवतं. अशा एका खेपेला आम्ही शॉट म्हणतो. खोली अंधारी ठेवावी लागते. मला ते बरं पडतं, कोणी चेहऱ्याकडे बघत नाही.

सध्या मशीनवर जांभळीचं काम आहे. ती पीएचडी करते. नाव वेगळं आहे, पण सगळी लॅब तिला जांभळी म्हणते आणि तीही ओ देते. ती गंधकाच्या एका संयुगावर आम्लात कालवलेलं पेरॉक्साइड सोडते. आधीचं द्रावण पाण्यासारखं, नंतरचंही पाण्यासारखं. पण मध्ये जेमतेम पाऊण सेकंद काहीतरी जांभळं जन्माला येतं आणि नाहीसं होतं. डोळ्यांना दिसत नाही, बाटलीत भरता येत नाही. ग्राफवर तेवढी एक टेकडी दिसते. चार वर्षं तिने घासली. प्रबंधाची पहिली तीन प्रकरणं अगदीच अळणी आहेत असं ती स्वतःच म्हणते. चौथं म्हणजे ही टेकडी. ऑक्टोबरात ती पहिल्यांदा दिसली तेव्हा तिने सगळ्या मजल्याला केक वाटला होता. ३० तारखेला प्रबंध द्यायचा आहे. दुसऱ्या एका संस्थेने तिच्यासाठी जागा धरून ठेवली आहे, तीही या टेकडीसाठीच.

मला दोन तुकडे मिळाले होते. चव आठवत नाही.

६ मार्च, शुक्रवार

चहाच्या वेळी मी जांभळीला विचारलं, जी गोष्ट हातात येत नाही तिचं गणित तू कसं मांडतेस?

ती म्हणाली, "सोपं आहे, काका. मधला पदार्थ जेवढा तयार होतो तेवढाच संपतो असं समजायचं. म्हणजे त्याच्यात होणारा बदल शून्य. शून्य लिहिलं की बाकीचं गणित सुटतं."

"म्हणजे तो नसतोच?"

"असतो ना. कायम थोडासा असतो. फक्त वाढत नाही आणि कमी होत नाही."

मला ते एकदम पटलं. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना हेच सांगणार आहे. त्यांचाही वेळ वाचेल.

तीनच्या सुमारास लेकीचा फोन, इस्त्री कुठे आहे म्हणून. इस्त्री वीस वर्षं एकाच कपाटात एकाच कप्प्यात आहे. परवा विचारत होती, मीठ कुठे आहे. मुलगी हल्ली फार वेंधळी झाली आहे. वयाचा परिणाम असेल.

पूर्वी मी फोन बाहेर खुंटीवर कोटाच्या खिशात ठेवायचो. आता मशीनच्या टेबलावरच ठेवतो. त्याचा उजेड पडू नये म्हणून वर काळा कागद घालतो.

११ मार्च, बुधवार

आज एक शॉट वाया गेला.

माझी पद्धत ठरलेली आहे. शॉट मारायचा, चार मिनिटं थांबायचं, पुढचा मारायचा. घड्याळ लावून. सकाळचे पहिले तीन शॉट टाकून द्यायचे, कारण नळ्यांत शिळं द्रावण साचलेलं असतं. नव्या पोरांना ही पद्धत मीच शिकवली आहे आणि ती मला मागून घड्याळ म्हणतात हेही मला ठाऊक आहे.

सातवा शॉट झाला आणि लेकीचा फोन आला. आईचा निळा स्वेटर कुठे आहे. हिचा निळा स्वेटर. मी सांगितलं, लोखंडी कपाटात, खाली. सापडला म्हणाली. मग ती काही बोलेना, नुसती फोनवर राहिली. मीही ठेवला नाही. शेवटी म्हणाली, बरं, कर तू तुझं काम. सोळा मिनिटं गेली होती.

आठवा शॉट मारला. टेकडी दुप्पट उंच आली. जांभळी म्हणाली, काहीतरी हललं असेल, खोडून टाका. मी खोडला.

१२ मार्च, गुरुवार

तो शॉट डोक्यातून जात नाही. दिवा ठीक होता, तापमान ठीक होतं. हललं काही नव्हतं.

सोमवारी सकाळचा पहिला शॉट नेहमीच उंच येतो. तो टाकूनच देतो, त्यामुळे त्याचा कधी विचार केला नाही. आज जुन्या फायली काढून बघितल्या. मंगळवारचा पहिला शॉट सोमवारच्या पहिल्यापेक्षा बुटका. सुट्टीनंतरचा सगळ्यांत उंच.

लेकीने आज जेवायला अंडी केली होती. मीठ दोनदा पडलं होतं. मी खाल्लं.

१६ मार्च, सोमवार

जांभळी दिवसभर ग्रंथालयात. मी तिची उरलेली द्रावणं घेऊन शॉट मारले. दोन मिनिटं थांबून, चार थांबून, आठ थांबून, सोळा थांबून. जितकं जास्त थांबावं तितकी टेकडी उंच.

असं व्हायला नको. ती जन्माला येते ती मिसळल्यावर. त्याआधी आम्ही बाहेर किती वेळ ताटकळलो हे तिला कुठून कळणार?

मी दर वेळी चारच मिनिटं थांबतो म्हणून ती दर वेळी एकसारखी यायची. मॅडम, म्हणजे जांभळीच्या मार्गदर्शक, सगळ्यांना सांगतात, इतके एकसारखे आकडे आपल्या लॅबमधून कधीच निघाले नव्हते.

१७ मार्च, मंगळवार

आज पेरॉक्साइड घातलंच नाही. नुसतं आम्ल आणि गंधकाचं संयुग. ज्याच्यामुळे सगळं घडतं म्हणतो तोच गैरहजर, तेव्हा ग्राफ सपाट यायला हवा होता. टेकडी आली. लहान होती, पण टेकडीच. तीनदा करून बघितलं. जांभळीने दोन्ही द्रावणं पूर्वी साध्या पाण्याशी तपासली होती, त्यात काही आलं नव्हतं. ही जोडी तपासायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

मग झाकण उघडलं. नळ्यांवर चार स्क्रूचं झाकण असतं, ते कोणी उघडत नाही. उघडायचं झालं तर मीच उघडतो.

आम्लाच्या नळीला प्लास्टिकचा जोड असतो. तिथे स्टीलचा जोड होता.

स्टील म्हणजे लोखंड. आम्ल त्यात चार मिनिटं बसून राहिलं की थोडं लोखंड सुटतं. ते गंधकाला भेटलं की क्षणभर जांभळा रंग येतो आणि विरतो. शाळेत असताना मास्तरांनी परीक्षानळीत हा खेळ करून दाखवला होता. जांभळी ज्याच्या मागे आहे तो तिचा पदार्थ नाहीच. ते माझं लोखंड आहे.

हा जोड कोणी लावला? मी एकोणतीस वर्षांत आम्लाच्या नळीला स्टील लावलेलं नाही. झाकण परत बसवलं. स्क्रू घट्ट केले.

१८ मार्च, बुधवार

मी लावला.

आमच्याकडे एक नियम आहे, तोही माझाच. मशीनला काहीही तात्पुरतं लावलं तर नोंदवहीत लाल पेन्सिलने लिहायचं. काय लावलं, कधी, सही. काढलं की त्याच्याच समोर लाल पेन्सिलनेच 'काढले' लिहायचं. लाल नोंद उघडी ठेवून कोणी घरी जायचं नाही. या नियमापायी मी पोरांना बसच्या रांगेतून परत बोलावलं आहे.

चालू नोंदवहीत काही नव्हतं. ती १५ सप्टेंबरपासूनची आहे, मी रजेवर असताना बदली ऑपरेटरने नवी काढली. जुनी कपाटात होती. शेवटचं भरलेलं पान, ९ सप्टेंबर, मंगळवार. 'आम्लाच्या नळीचा जोड चिरला. स्टीलचा लावला. तात्पुरते.' माझं अक्षर, माझी सही. समोरची जागा रिकामी.

लावल्याचं मला अजिबात आठवत नाही. खाली वेळा लिहिलेल्या आहेत. त्या इथे उतरवत नाही.

१९ मार्च

काही नाही.

२० मार्च

काही नाही. दिवा बदलला.

२३ मार्च, सोमवार

जांभळीने प्रबंधाचं आभाराचं पान वाचायला दिलं. मॅडम, आईवडील, मैत्रिणी. मग मी. 'काकांच्या शिस्तीशिवाय चौथं प्रकरण लिहिताच आलं नसतं.'

खरंच आहे.

"कसं वाटलं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, एका ठिकाणी वेलांटी चुकली आहे. ती हसून निघून गेली. आठ दिवसांनी ती प्रबंध देणार, आणि मी तिला वेलांटी दाखवली.

२४ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंकडे गेलो नाही. इथेच लिहितो.

प्रबंध दिल्यावर गुपचूप जोड बदलता येईल. कोणाला कळणार नाही. टेकडी एक दिवस यायची बंद होईल, पण तोवर जांभळी दुसऱ्या संस्थेत पोचलेली असेल. तिथे ती तेच करून बघेल आणि येणार नाही. मग लोक तिला खोटारडी म्हणतील. तिला, मला नाही.

सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, कधीपासून. मग जुनी नोंदवही दाखवावी लागेल. त्या पानावर वेळा आहेत. अडतंय ते तिथे.

मी सगळ्यांना सांगितलं आहे की अकरा-दहाला हिचा फोन आला आणि तसाच निघालो. लेकीला सांगितलं, ताईला सांगितलं, हॉस्पिटलच्या कागदावर तेच लिहिलं. पानावर असं आहे: अकरा-पाचला जोड लावला. शॉट अकरा-आठ. अकरा-बारा. अकरा-सोळा. अकरा-वीस.

त्या दिवशी लॅबमधल्या दाढीवाल्याचं काम लागलं होतं. त्याचं द्रावण वीस मिनिटांच्या पुढे टिकत नाही आणि जोड चिरल्यामुळे आधीच उशीर झाला होता. अकरा-दहाला बाहेर कोटात फोन वाजला. दाराआडून ऐकू आला. हिचाच असणार, या वेळेला तीच करते, ब्रेड आण, अमुक आण. म्हटलं, झाल्यावर करू. अकरा-तेराला पुन्हा वाजला. अकरा-अठराला पुन्हा. मी घड्याळाकडे बघत होतो, चार मिनिटं व्हायची होती. अकरा-चोवीसला वाजला तो जाऊन घेतला. शेजारच्या काकू होत्या.

मी पोचायच्या आधीच ती गेली होती.

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.  लाज वाटते. काय वाटतं ते लिहा म्हणाल्या होत्या, तर हे वाटतं. लाज.

२५ मार्च, बुधवार

सकाळीच जांभळीला अंधाऱ्या खोलीत बोलावलं आणि दिवा लावला. म्हटलं, बस.

"बसायला वेळ नाही, काका. संदर्भांची यादी राहिली आहे."

"टेकडी खोटी आहे."

ती हसली. मी असली थट्टा करत नाही हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिचं हसू थांबलं. मी ग्राफ समोर ठेवले.

"यात पेरॉक्साइड नाही?"

"नाही."

"तुम्ही घालायला विसरला असाल."

"तीनदा?"

झाकण काढून दाखवलं. तिने त्या जोडाला बोट लावून बघितलं. मग एकच विचारलं, "कधीपासून?"

मी जुनी नोंदवही पुढे केली. तिने लाल ओळ वाचली. मग खालच्या वेळा. आकडे वाचणारी मुलगी आहे, बोट एकेका ओळीवरून सरकत गेलं आणि अकरा-वीसवर थांबलं. ९ सप्टेंबर म्हणजे काय ते सगळ्या लॅबला माहीत आहे. मी किती वाजता निघालो म्हणून सांगितलं तेही माहीत आहे. तिने माझ्याकडे बघितलं नाही, नोंदवही मिटली.

"सहा महिने, काका. तुम्ही रोज त्या झाकणासमोर बसत होतात."

"हो."

"दिसलं नाही असं मला सांगू नका."

"दिसलं नाही."

"माझं वाटोळं केलंत तुम्ही," ती म्हणाली. ओरडली नाही. ग्राफ गोळा करून ती मॅडमकडे गेली.

दुपारी मॅडमनी बोलावलं. त्यांनी नोंदवही मागितली नाही, बहुतेक जांभळीने वेळांबद्दल त्यांना सांगितलं नसावं. म्हणाल्या, टेकडीवरचा लेख नियतकालिकाकडे गेला आहे, तो आजच मागे घेते. तीन प्रकरणांवर प्रबंध उभा राहील, लंगडा राहील, पण राहील. त्या संस्थेला मात्र कळवावं लागेल. मी म्हटलं, चूक माझी आहे असं लिहा. त्या म्हणाल्या, "लिहीनच. पण त्यांना टेकडी हवी होती. चूक कोणाची याच्याशी त्यांना काय करायचंय?"

२७ मार्च, शुक्रवार

प्लास्टिकचा जोड लावला. नळ्या आम्लाने धुतल्या, मग पाण्याने, मग परत आम्लाने. जांभळी आली, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. 

पहिला शॉट. सपाट. दुसरा सपाट. वीस मिनिटं थांबून तिसरा मारला, तोही सपाट. मधे काही नाही, पाण्यापासून पाण्यापर्यंत सरळ रेघ. बारा शॉट मारले. कुठेतरी एखादा उंचवटा यावा असं मलाही वाटत होतं.

ती उठली आणि तिने मशीन स्वतः बंद केलं. जाताना म्हणाली, "तुम्ही आधीच बोलला असतात तर निदान चौथं प्रकरण लिहिण्यात महिना गेला नसता."

कळल्यावर मी गप्प राहिलो ते आठ दिवस, सहा महिने नाही. पण ते बोलायची माझी हिंमत झाली नाही. आणि आठ दिवसही कमी नसतात.

काढलेला जोड खिशात टाकून घरी आणला. का आणला, माहीत नाही. करंगळीच्या पेराएवढा आहे.

२९ मार्च, रविवार

लेक ओट्यापाशी भाजी चिरत होती. मी मटार सोलत होतो. म्हटलं, आता सांगितलं नाही तर ही गोष्ट लॅबमधून हिच्या कानावर जाईल.

"मी अकरा-दहाला निघालो असं सांगतो ना," मी म्हटलं, "ते खरं नाही."

तिची सुरी थांबली नाही. "कितव्या फोनला निघालास?"

मी मटार खाली ठेवले. "चौथ्या."

"हो. चौथा काकूंचा, त्यांनीच सांगितलं."

"तुला कसं माहीत?"

"आईचा फोन माझ्याकडेच आहे ना, बाबा. दर रविवारी चार्ज करते. सगळं आहे त्यात. तिने केलेले तीन. अकरा-दहा, अकरा-तेरा, अकरा-अठरा." तिने चिरलेली भाजी पातेल्यात ढकलली. "मला पहिल्या आठवड्यातच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

साडेसहा महिने ती थांबली होती. आणि मी समजत होतो पोरगी वेंधळी झाली आहे.

ती म्हणाली, "मी तुला फोन करते ना, मीठ कुठे, इस्त्री कुठे. मीठ कुठे आहे ते मला माहीत आहे, बाबा. आधी मी रागाने करायचे. म्हटलं बघू, माझा तरी उचलतो का. तू दर वेळी पहिल्याच रिंगला उचललास. एकदाही चुकला नाहीस. मग मलाच कसंतरी व्हायला लागलं. पण करायचं सुटेना."

मी विचारलं, पहिल्या फोनला निघालो असतो तर?

"माहीत नाही," ती म्हणाली.

काही फरक पडला नसता, असं तिने म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. तिने म्हटलं नाही. तिचंच बरोबर आहे, ते कोणालाच माहीत नाही. मग तिने उरलेले मटार माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाली, "सोल, नुसता बसू नकोस."

मी सोलले. निळा स्वेटर तिच्या अंगात होता, बाह्या दुमडलेल्या. मला वाटतं तो बरेच दिवस तिच्या अंगात असणार. मी आज बघितला.

२ एप्रिल, गुरुवार

त्या संस्थेने जागा दुसऱ्या कोणाला तरी दिली. मॅडमनी सांगितलं. जांभळीला प्रबंधासाठी सप्टेंबरपर्यंत मुदत मिळाली आहे. कोणीतरी तिला सवयीने जांभळी म्हणून हाक मारली. तिने ओ दिली नाही.

संध्याकाळी ती अंधाऱ्या खोलीच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "मंगळवारी दहाला माझे शॉट लावा. चार मिनिटांनी नको. कधी दोन, कधी सात, कसेही मारा."

"बरं."

"आणि झाकण काढून ठेवा."

माफी मागण्यासारखं काहीतरी मी बोलायला लागलो, तोवर ती जिन्याने उतरलीही होती. तिने मला माफ केलेलं नाही. काम मात्र दिलं आहे.

६ एप्रिल, सोमवार

सकाळी जोड घेऊन लॅबमध्ये गेलो. जुनी नोंदवही काढली, ९ सप्टेंबरचं पान. लाल पेन्सिलला टोक केलं. 'तात्पुरते'च्या समोर लिहिलं, 'काढले', तारीख, सही. अक्षर नीट आलं नाही. जोड डब्यात टाकला, डब्यावर चिठ्ठी लावली, आम्लाला वापरू नये.

मग कामाला लागलो. योगायोगाने आज दाढीवाल्याचं तेच काम होतं, वीस मिनिटांत खराब होणारं द्रावण. पिचकाऱ्या भरल्या, दिवा मालवला. दोन शॉट झाले आणि काळ्या कागदाखाली फोन वाजला.

लेक म्हणाली, "बाबा, मीठ कुठे आहे?"

मला म्हणायचं होतं, ओट्याच्या डावीकडे, वरच्या फळीवर. 'ओट्याच्या' एवढंच बाहेर पडलं. पुढचं येईना. मी स्टुलावर बसलो. तोंडावर हात धरला तरी आवाज येत होता, आणि तो माझाच होता हे मला जरा उशिराने कळलं.

"रडतोयस?" तिने विचारलं.

"शॉट लागलेत," मी म्हटलं.

"जाऊ देत शॉट."

मग ती काही बोलली नाही, नुसती फोनवर राहिली. मीही ठेवला नाही. चार मिनिटांचं घड्याळ वाजलं, पुन्हा वाजलं, पुन्हा वाजलं. मी उठलो नाही. द्रावण खराब झालं.

दाढीवाल्याला जाऊन सांगितलं, तुझं द्रावण गेलं, माझा फोन आला होता. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दुसरं करून दिलं.